शिळं पाणी

पनवेलच्या कोळीवाड्यात सखूबाईच्या घरी गौर यायच्या आधी जुनं पाणी म्हणून राहायचं नाही. माठ, हंडे, कळश्या, मोरीतलं पिंप, सगळं पालथं व्हायचं. शिळ्या पाण्याच्या घरात गौर बसत नाही असं सखूबाईचं मत, आणि तिच्या मतापुढे बोलायची आळीत कुणाची टाप नव्हती. यंदा पुढच्या खोलीतली काचेची टाकी मात्र तशीच भरलेली होती, आणि तिची सून प्रमिला पदर खोचून टाकीसमोर उभी होती.

टाकी आणली प्रमिलाच्या नवऱ्याने, गोरखने. तो जहाजावर. सुट्टीत आला, टाकी, दिवे, पंप आणि तीन जिवंत प्रवाळं घरात मांडून पुन्हा निघून गेला. जगवायचं बायकोच्या गळ्यात. समुद्र दाराशी असताना ही बाई गाळलेल्या पाण्यात मिठाची पाकिटं कालवते म्हणून अख्खा वाडा हसला. खाडीच्या पाण्याची काय दशा झाली आहे ते हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं, पण हसायला काय जातं?

गेल्या गौरीला सासूचा शब्द मोडवेना म्हणून प्रमिलाने टाकी उपसून ताजं पाणी भरलं. जुन्या पाण्यातली क्षारता, म्हणजे खारटपणा नव्हे, सोड्याचा अंश, हळूहळू उतरलेली, नव्या पाण्यात ती एकदम चढी. दोन प्रवाळं पांढरी पडली आणि मेली. त्या दिवशी ती मोरीत बसून रडली, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही याचा तिला आजही संताप येई.

उरलेल्या एकाची टोकंही यंदा जळाल्यासारखी पांढरी व्हायला लागली. तिने काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकून पाहिले. थेंबांनी निळं झालेलं पाणी पिवळं व्हायला जितके थेंब जास्त, तितकी क्षारता जास्त. आणि थेंब टाकता टाकता हात दुखला तरी निळं ते निळंच. दोष मिठाचा होता. तिने गोरखकडून दुसरं, कमी क्षारतेचं मीठ मागवलं. पण उतरायचं तेही बेताने. दर रविवारी एक बालदी काढायची, एक घालायची. त्या बालदीत जुनं मीठ दरवेळी थोडं कमी, नवं थोडं जास्त. काम अर्ध्यावर आलं होतं आणि नेमकी गौर आली.

सखूबाई काही वेडी नव्हती. तिने नेमकं बोट ठेवलं. "ह्या पान्यानं जळतंय म्हनतेस ना? मग ओत की ते सगळं."

"जळतंय, पन जगलंय त्यातच," प्रमिला म्हणाली. "एकदम बदललं तर मरंल."

सखूबाईने हे ऐकलंच नाही. तिने थोरल्या मुलाला, काशीरामला हाक मारली. काशीराम दोन बालद्या घेऊन आला, भावजयीकडे न बघता. प्रमिला टाकीसमोरून हलली नाही. तिने शांतपणे सांगितलं की बालदी टाकीत बुडाली तर गौरीचा निवद, चिंबोऱ्यांपासून भाकऱ्यांपर्यंत, ज्याने बुडवली त्याने रांधावा. काशीरामने आईकडे पाहिलं, आईने चुलीकडे. बालद्या रिकाम्याच परत गेल्या. सखूबाईने तोंड फिरवलं आणि गौर उचलून आतल्या खोलीत नेली. त्या घरात गौर आत बसण्याची ही पहिलीच वेळ.

गौर जेवायची ती रविवारी. निवद दाखवून झाला, आळीतल्या बायका दर्शनाला आल्या, आणि गौर आत का म्हणून कुजबूज सुरू झाली. सखूबाईने त्यांना टाकीकडे मानेने खुणावलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून सुनेला लाज आणावी.

प्रमिला नव्या लुगड्यातच आतून बालदी घेऊन आली. आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं पाणी, टाकीइतकंच खारट, टाकीइतकंच कोमट. सगळ्यांच्या देखत तिने एक बालदी उपसली आणि तांब्याने नवं पाणी कडेकडेने सोडायला लागली. जळलेल्या टोकांवर जिवंत मांसाची तपकिरी साय पुन्हा धरू लागली होती. ती तिला एकटीलाच दिसली.

चुलतसासू कृष्णाबाई म्हणाली, गौर घरात असताना हिला ह्या दगडाचीच पडलीय.

प्रमिलाने तांब्या थांबवला नाही. "गौरीला उद्या तुमी वाटंला लावनार, काकी," ती म्हणाली. "हे मला ठेवायचं हाय."