सरपंचबाईंचा पासवर्ड

सोनगीर सोडून हायवेवरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथे कोणी 'सरपंच कुठे भेटतील' असं विचारलं तर लोक जीवरामभाऊंच्या घराकडे बोट दाखवतात. खरं तर सरपंच आहे त्यांची बायको, कामिनी. जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा जीवरामभाऊंनी तिला उभं केलं, निवडून आणलं आणि गुलाल धुऊन होताच परत चुलीपाशी पोचवलं. पंचायतीचा शिक्का त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. फ्लेक्सवर त्यांचा फोटो पुरुषभर आणि तिचा खालच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या जागी. ग्रामसभेत ती खुर्चीवर पदर सावरून बसे आणि बोलायची वेळ आली की भाऊ उठून बोलत. या व्यवस्थेत सगळा गाव सुखी होता. कामिनी सुखी आहे का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

अशात वरून आदेश आला की प्रत्येक सरपंचाने कॉम्प्युटरचा प्राथमिक वर्ग स्वतः पूर्ण करायचा. गावातल्या इतर मोठ्या माणसांनाही बसायची मुभा होती. पंचायतीच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडले गेले आणि धुळ्याहून नाजमीन नावाची शिक्षिका रोज एसटीने येऊ लागली. पहिल्या दिवशी जीवरामभाऊ इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले.

"हजेरी चेहऱ्यावर आहे," नाजमीनने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. यंत्राने दोनदा प्रयत्न केला आणि चेहरा जुळत नसल्याचं सांगितलं.

"मीच सरपंच शे," भाऊ म्हणाले. "बठ्ठा गाव माले वळखस."

"गाव ओळखत असेल भाऊ. याच्यात कामिनीताईंचा चेहरा आहे."

भाऊंनी चष्मा काढून पाहिला, टोपी घालून पाहिली, शेवटी आमदारांचा नंबर लावून दिला. यंत्र आमदारांना ओळखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामिनी आली. भाऊ तिच्या मागे खुर्ची टाकून बसले, कारण बाईमाणसाला एकटीला हे जमणार नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांना स्वतःलाही ते जमत नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा. कामिनीने माऊसवर पंजा ठेवला तो परातीत कणकेच्या गोळ्यावर ठेवावा तसा. बाण कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसला.

"वर लई जा, वर," भाऊ मागून म्हणाले.

तिने माऊस टेबलावरून वर उचलला. भाऊ म्हणाले, "आजून वर." शेजारच्या टेबलावरच्या कुंदाबाईंनी, म्हणजे पंचायतीच्या सदस्यबाईंनी, तोंडाला पदर लावला. नाजमीनने भाऊंना नम्रपणे सांगितलं की खुर्च्या शिकणाऱ्यांसाठी आहेत. मग ते बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून मार्गदर्शन करू लागले. दोन दिवसांनी खिडकी लावून घेतली गेली. त्यानंतर धुळ्याला कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि भाऊ तिकडे गुंतले.

कामिनी दहावीपर्यंत शिकलेली होती. लग्नानंतर वाचायला मिळालं ते किराणा बांधून आलेले कागद. पण हात वळला तसा तिला वर्ग आवडू लागला. नाजमीनने नाव टाईप करायला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पुरं नाव का, मॅडम?"

"तुमचं."

तिने एकेक अक्षर शोधून 'कामिनी' लिहिलं आणि हात मांडीवर घेऊन बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. गावातल्या कुठल्याच फ्लेक्सवर हे नाव एकटं छापलेलं नव्हतं.

पासवर्डचा धडा आला तेव्हा नाजमीनने बजावलं, पासवर्ड कोणालाच सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणून फोन आला तरी नाही, साहेब आले तरी नाही.

"नवराले?" कुंदाबाईंनी विचारलं.

नाजमीन म्हणाली, "नवऱ्यालाही नाही. नवरा तो कोणाला सांगेल, हे आपल्याला कुठे माहीत असतं?"

बायका हसल्या. कामिनी हसली नाही. तिने शब्दन् शब्द मनावर घेतला. घरी करायचा अभ्यास होता, आपला एक जुना पासवर्ड बदलून येणे. कामिनीच्या नावाचा एकच पासवर्ड होता, पंचायतीतला. सरपंचाने कामं मंजूर करायची ती त्याने. ग्रामसेवक पितांबर यांनी तो पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरच्या माथ्यावर चिकटवला होता, म्हणजे पंचायतीत चहा घेऊन येणाऱ्यालाही तो पाठ होता. कामिनीने तो बदलला आणि चिठ्ठी फाडून केरात टाकली.

दोन दिवसांनी पितांबर घामाघूम होऊन भाऊंकडे आले. प्रवेशद्वाराचं काम मंजूर करायचं होतं. गावाच्या तोंडाशी एक भव्य कमान उभी राहणार होती आणि तिच्यावर जीवरामभाऊंच्या वडिलांचं नाव कोरलं जाणार होतं. पण कॉम्प्युटर उघडत नव्हता.

भाऊ घरात गेले. कामिनी भाकरी थापत होती.

"तो पासवर्ड काय शे?"

"मॅडमनी सांगेल शे, कोणलेच सांगानं नही."

"मी काय कोणी शे का?"

"मंग तुम्ही कोणीच नही का?"

भाऊ पाय आपटत ओट्यावर गेले. ते रागावून न जेवता बसले. सासूबाईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या काठी टेकत चुलीपाशी आल्या.

"दी टाक व माय तेले. भुक्या बठेल शे. कोठे ठेवेल शे तू, कोठीमा का?"

"मना डोकामा शे, आत्याबाई."

"मंग तठून काढीसन दे."

संध्याकाळी भाऊंनी पंचायतीत बसून स्वतःच्या अकलेने पासवर्ड शोधायचं ठरवलं. पितांबर टाईप करत होते. आधी भाऊंनी स्वतःचं नाव घातलं, कारण बायकोच्या मनात दुसरं काय असणार. ते चुकलं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, बैलाचं नाव, सगळं चुकलं. शेवटी कॉम्प्युटरने दार लावून घेतलं आणि सरपंचाला समोर आणा, असं बजावलं. जीवरामभाऊंना त्या रात्री प्रथमच शंका आली की आपल्याला या बाईविषयी फारसं काही माहीत नाही.

सकाळी कामिनीला मानाने पंचायतीत नेण्यात आलं. तिच्यासाठी खुर्ची पुसली गेली. तिने चेहरा दाखवून कॉम्प्युटर उघडला, सगळ्यांना तोंडं फिरवायला सांगितली आणि पासवर्ड टाकला. पितांबर म्हणाले, "हां, आता त्या हिरव्या जागेवर दाबा."

"थांबा. वाचू द्या."

पितांबर आणि भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. आजवर हा कागद कोणी वाचला नव्हता. तो वाचण्यासाठी नव्हताच. कामिनीने बोट फिरवत कमानीची उंची वाचली, दगड वाचला, नाव वाचलं. मग यादीत खाली गेली. तिथे शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार बसवायचं काम पडलेलं होतं. कुंदाबाईंनी ते दोनदा मांडलं होतं. तिथल्या मुली ओढणी आडवी धरून एकमेकींना आडोसा देत होत्या, हे गावात सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

कामिनीने कमान परत पाठवली आणि दार मंजूर केलं. शेऱ्याच्या जागी एका बोटाने, घाम पुसत लिहिलं, 'आधी दार. कमान मग बघू.'

"वडिलांचं नाव आहे त्याच्यावर," भाऊ म्हणाले.

"सासऱ्यांचं नाव मोठंच आहे. त्याला कमान नको."

भाऊ नाजमीनकडे तक्रार घेऊन गेले, की मॅडम, तुम्ही माझं घर फोडलं. नाजमीन म्हणाली, पुढची तुकडी सोमवारपासून सुरू होते, तुमचं नाव घालू का? भाऊ तणतणत निघून गेले. सोमवारी मात्र मागच्या रांगेत येऊन बसले. जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर आता आपणच शिकलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला होता.

दार बसलं, तेव्हा त्याचं उद्घाटन जीवरामभाऊंच्या हस्ते ठेवण्यात आलं. रिबीन आली, नारळ आला, माईक आला. संडासाच्या दारासमोर मुलींची रांग उभी होती आणि भाऊ स्त्रीशक्ती या विषयावर बोलत होते. महिलांचा सन्मान हीच खरी संस्कृती, असं ते म्हणाले, आणि मग थोडं आपल्या त्यागाविषयी. रांगेतली पुढची मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

कामिनी खुर्चीवरून उठली. तिने रिबीन बाजूला सारली, कडी काढली आणि मुलीला आत सोडलं. मुलीने आतून कडी लावली. भाऊंचं भाषण चालूच होतं.