आम्रपालीचा सरळ अर्थ

पुण्यात जन्मून, पुण्यात शिकून आणि पुण्यातच नोकरी करून ज्या बाईला टोमणा कळत नाही, तिचं या गावात निभावलं कसं, हा खरा प्रश्न आहे. आम्रपाली गायकवाडचं बेचाळीस वर्षं निभावलं.

एकदा ती बुधवार पेठेत लॅपटॉपची केबल घ्यायला गेली होती. दोन केबली हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहत राहिली. शेवटी दुकानदारानं विचारलं, "बाई, घ्यायचीय की नुसती बघायचीय?"

"आधी बघायचीय. मग घ्यायचीय."

"मग बसायला खुर्ची देऊ का?"

"द्या ना," आम्रपाली म्हणाली आणि थांबली. त्या माणसाची खुर्ची आजवर कुणी स्वीकारली नव्हती. बिचाऱ्याला ती पोटमाळ्यावरून उतरवावी लागली. आम्रपालीनं बसून केबल पसंत केली, आभार मानले, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की पेठेतले दुकानदार उगीच बदनाम आहेत.

नवरा समाधान, पाटबंधारे खात्यात होता. तो नुसता "हं" म्हणाला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात कुणाच्या बोलण्याचा खरा अर्थ काय, हे समारंभाहून परतताना गाडीत बायकोला समजावून सांगणं हा त्याचा जोडधंदाच झाला होता. "मामी म्हणाल्या ना, 'आता काय बाई, मोठे लोक तुम्ही', ते कौतुक नव्हतं." "मग तसं सांगायचं ना!" आम्रपाली म्हणायची. तिचं म्हणणं तसं चूक नव्हतं.

खराडीतल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. आयटीची पहिली लाट पुण्यात आली तेव्हाच ती त्यात शिरली होती. विश्रांतवाडीतल्या घरातली, वडील खडकीच्या कारखान्यात, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. कॉम्प्युटर शिकलेली घराण्यातली पहिली मुलगी. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या आणि तोंडावर सांगायच्या, या कामाचा पगार मिळतो हे कळल्यावर तिला फार हायसं वाटलं होतं. शाळेत याच कामाबद्दल अंगठे धरून उभं केलं होतं.

मग एके दिवशी परदेशी क्लायंटबरोबर मीटिंग झाली. आम्रपालीचा मॅनेजर सुदर्शन तिच्याहून दहा वर्षांनी लहान, चुणचुणीत आणि गोड बोलणारा. त्यानं स्क्रीनवर बघत सांगितलं, की प्रॉडक्ट जवळजवळ तयार आहे. क्लायंटनं विचारलं, "टेस्टिंगकडून कुणाला काही सांगायचंय?" सुदर्शननं मीटिंगआधीच सगळ्यांना बजावलं होतं, 'काही असेल तर मोकळेपणानं बोला.' आम्रपाली मोकळेपणानं बोलली. आधी मोठे दोष सांगितले, मग मधले, मग बारीक. मधले चालू असताना सुदर्शननं तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याच्या डोळ्यात काही गेलं असावं असं समजून तिनं टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला.

मीटिंग संपल्यावर सुदर्शन म्हणाला, "वा मॅडम, वा! आता क्लायंटला माझ्या घरचा पत्तापण देऊन टाका."

"तो मला माहीत नाही," आम्रपाली म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात एचआरनं तिला डॉक्टर श्यामला केळकर यांच्याकडे पाठवलं. कारण दिलं 'संवादकौशल्य'. केळकर बाई मानसशास्त्रज्ञ. चष्मा कपाळावर चढवून बसायच्या आणि मध्ये मध्ये तो शोधायच्या. आम्रपालीला त्या आवडल्या, कारण त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत खरंच गप्प राहायच्या. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी संवादकौशल्य बाजूला ठेवलं.

"आम्रपाली, मला वेगळीच शंका येतेय. काही तपासण्या करू या. आणि तुमच्या लहानपणाबद्दल सांगू शकेल असं कुणी आहे?"

"आई आहे."

"येतील का त्या?"

"येईल. पण ती बोलायला लागली की तुम्हाला मधे बोलता येणार नाही."

शालनबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली, निळ्या काठाची पांढरी साडी, ताठ कणा. पंचेचाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई. "जय भीम," म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "माझी मुलगी वेडी नाही."

"नाहीच आहेत."

"मग मला कशाला बोलावलंय? आम्ही किती खस्ता खाऊन वर आलो, तुम्हाला कल्पना नसेल. लोक आमच्यावर जन्मतःच एक शिक्का मारतात. त्यात तुमच्या हातानं आणखी एक नकोय मला."

केळकर बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "शिक्का नाही, शालनताई. त्यांना स्वतःबद्दल काही समजलं तर त्यांचाच त्रास कमी होईल. आणि ते समजायला मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

'तुमच्याशिवाय' हा शब्द शालनबाईंना लागू पडला. त्या जरा सैल बसल्या.

"लहानपणी कशी होती?"

"शहाणी. अतिशहाणी. जे सांगाल तेच करायची, तेवढंच करायची. एकदा काहीतरी हट्ट करत होती. मी चिडून म्हटलं, जा, उन्हात जाऊन बस, म्हणजे कळेल. गेली. मी आपली कामात. दुपारी बघते तर ही अंगणात, लाल झालेली. म्हटलं, अगं काय करतेस? तर म्हणते, 'आई, अजून काही कळलं नाही.'"

डॉक्टरांना हसू आवरेना. आम्रपाली मात्र गंभीरपणे म्हणाली, "खरंच कळलं नव्हतं."

"हसू नका," शालनबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी रडले होते." आणि मग त्या बोलतच राहिल्या. बुद्धपौर्णिमेला वस्तीत लाउडस्पीकर लागला की पोरगी कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची. लोकरीचा स्वेटर घातला की अंगावर पाल पडल्यासारखी ओरडायची. मैत्रीण एकच, तीही वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेली, तर महिनाभर रोज त्यांच्या बंद दारापर्यंत जाऊन यायची. "मीच तिला शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघ. हस. पाहुणे आले की पळू नकोस. चारचौघांत आपल्या माणसाला जरा जास्तच नीट वागावं लागतं, नाहीतर लोक लगेच म्हणतात, बघा, शेवटी कुठून आलेत. तिला आवडत नव्हतं, ते मला दिसत होतं." त्या थांबल्या. "दिसत होतं, पण त्याला काही नाव असतं हे कुठं माहीत होतं?"

नाव ऑटिझम निघालं. पुढच्या भेटीत केळकर बाईंनी ते दोघी मायलेकींना नीट समजावून सांगितलं. हा आजार नाही. मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे. मुलींमध्ये ते पुष्कळदा झाकलं जातं, कारण त्या दुसऱ्यांची नक्कल करून वेळ मारून नेतात.

"पक्कं?" आम्रपालीनं विचारलं.

"पक्कं."

"म्हणजे मी आगाऊ नाहीये."

"नाही."

"आणि शिष्ट?"

"तेही नाही."

आम्रपालीनं आणखी चार-पाच विशेषणं विचारून घेतली. सगळ्यांना 'नाही' आल्यावर ती उठली, दाराकडे गेली, परत येऊन बसली आणि रडू लागली. शालनबाईंनी पर्समधून रुमाल काढला, पण तिला जवळ घेतलं नाही. अचानक जवळ घेतलेलं तिला आवडत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

 परतताना रिक्षा येरवड्याच्या सिग्नलला थांबली तशी शालनबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाला एवढ्यात सांगू नकोस."

"का? वाईट वाटेल त्यांना?"

"वाईट कसलं! अठ्ठेचाळीस वर्षं बघतेय मी त्या माणसाला. म्हणेल, मलाही एक सर्टिफिकेट आण."

आम्रपालीनं विचार केला. "हा टोमणा होता का?"

"नाही गं बाई," शालनबाई म्हणाल्या. "हे अगदी सरळ."

त्या संध्याकाळी वाघोलीच्या फ्लॅटवर तिनं समाधानला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बरं झालं, नाव कळलं." तिला वाटलं होतं तो दचकेल. तो दचकला नाही याचाच तिला राग आला.

"तुला माहीत होतं?"

"नाव नव्हतं माहीत. तू माहीत होतीस."

हे उत्तर इतकं चांगलं होतं की दुसऱ्या कुठल्याही बायकोनं तिथेच विषय संपवला असता. पण पुढचे कितीतरी दिवस आम्रपाली आपलं सगळं आयुष्य मागून पुढे तपासत होती, आणि त्यात कुठलं आपलं, कुठलं उचललेलं, हे वेगळं करत होती. एकदा समाधाननं जेवताना साहेबांचा काहीतरी किस्सा सांगितला. एरवी ती मान मागे टाकून खळखळून हसली असती. या वेळी ती नुसती बघत राहिली.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "हसली नाहीस."

"ते हसणं माझं नाही. कॉलेजला सृष्टी म्हणून मुलगी होती. ती हसली की सगळे तिच्याभोवती जमायचे. मी घरच्या आरशासमोर ते पाठ केलं."

समाधानचा घास हातातच राहिला. "आम्रपाली, मी तुला बघायला आलो होतो तेव्हा तू हसली होतीस. मी घरी जाऊन सांगितलं, मुलगी पसंत आहे, हसणं फार सुंदर आहे."

"हो. ते सृष्टीचं."

"कुठे असते ती?"

"कॅनडात."

"हं." तो थोडा वेळ भाकरी कुस्करत राहिला. "म्हणजे माझ्या विनोदांना तू खरंखुरं कधीच हसली नाहीस?"

"दोनदा हसलेय."

"कोणत्या?"

"आता आठवत नाही."

पुढचा आठवडाभर समाधान पाटबंधारे खात्याच्या कचेरीत बसून ते दोन विनोद कोणते असावेत, याचा शोध घेत होता. आपल्याला बायकोच्या निदानापेक्षा याचंच जास्त लागलंय, हे लक्षात आल्यावर तो स्वतःशीच ओशाळला. त्यानं घरी येऊन तिला तेही सांगितलं. तेव्हा आम्रपालीच्या नाकातून एक विचित्र, फुरफुरल्यासारखा आवाज निघाला. समाधाननं तो पूर्वी ऐकला नव्हता. दिसायला-ऐकायला तो सृष्टीच्या हसण्याच्या पासंगालाही पुरला नसता. पण त्यानं त्याला दाद दिली.

ऑफिसात सांगावं की नाही, यावर तिनं महिनाभर विचार केला. शेवटी सुदर्शनला केबिनमध्ये गाठून एका वाक्यात सांगितलं. तो गोंधळला.

"पण मॅडम, तुम्ही तर अगदी नॉर्मल दिसता!"

"दिसायला फार कष्ट पडतात."

"मग तुमचं गणित जबरदस्त असेल."

"नाही हो. बारावीत काठावर पास झालेय."

 मग सुदर्शननं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, एक साधा प्रश्न विचारला, "तुम्हाला काय केलं तर बरं पडेल?" तिनं सांगितलं. कॉफी मशीनजवळची जागा नको. मीटिंगआधी नेमकं काय बोलायचं आणि काय नाही ते कळवा. आणि जे म्हणायचंय तेच म्हणा.

पहिल्या दोन गोष्टी त्याच दिवशी झाल्या. तिसरीनं मात्र टीमचा जीव घेतला. "आज लवकर आलात," सुदर्शन कुणालातरी म्हणायचा आणि लगेच आम्रपालीकडे वळून जोडायचा, "म्हणजे उशीर झालाय, असं म्हणतोय मी." टोमण्याचा अर्थ टोमण्याच्याच मागोमाग सांगावा लागला की त्याची सगळी धार जाते. हळूहळू टीममधली पोरं टोमणे मारायचीच बंद झाली. "उशीर झाला, पुढच्या वेळी लवकर ये," असं एकमेकांना सांगू लागली. पुण्यातल्या ऑफिसला न शोभणारी ही परिस्थिती बरेच दिवस टिकली.

मे महिन्यात आम्रपालीच्या धाकट्या भावानं, रोहननं, नवीन घर घेतलं. सकाळी बुद्धवंदना, मग जेवण, मग गाणी. घर भरून गेलं. वंदनेला आम्रपाली बसली. एका सुरातलं ते म्हणणं तिला लहानपणापासून आवडायचं. जेवणही केलं. स्पीकर लागला तशी ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली.

तुळजाबाई, म्हणजे तिची आत्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "साहेबीणबाईंना आपल्यात बसवत नाही वाटतं."

समाधान काही बोलणार, तेवढ्यात शालनबाई पुढे झाल्या. "तिला गोंगाट सोसत नाही, वन्सं. लहानपणापासून. मीच तिला दटावून बसवायचे. आता नाही बसवणार."

"अगं बाई, म्हणजे दुखतंय काय तिचं?"

"काही दुखत नाही. ऑटिझम आहे. आजार नाही तो, जन्मापासून असतं. काय ते मी सावकाश सांगेन. आधी गाणी होऊ द्या."

एवढं बोलून त्या स्वतःच खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. आम्रपालीनं वर पाहिलं.

"तुझ्यासाठी नाही आले," शालनबाई म्हणाल्या. "मलाच त्या भोंग्याचा वैताग आलाय. आयुष्यभर वैतागच होता. पण सगळे बसायचे म्हणून मी बसायचे."

 थोड्या वेळानं दार उघडलं. तुळजाबाई. "जरा पाठ टेकते गं," म्हणून आडव्या झाल्या. मागोमाग वडील वर्तमानपत्र घेऊन आले. मग रोहनची बायको तान्ह्या बाळाला झोपवायला आली. मग समाधान आला, सगळे कुठे गेले ते बघायला. तुळजाबाईंनी ऑटिझम म्हणजे काय ते विचारलं, शालनबाई वर्गात सांगतात तसं सांगू लागल्या, वडील मधे मधे "हे माझं पण आहे" म्हणू लागले, बाळ उठून रडू लागलं. बाहेरच्या खोलीत स्पीकर एकटाच वाजत होता.

आम्रपालीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या. आजवर अशा वेळी ती डोकेदुखी सांगायची, ऑफिसचा फोन सांगायची. आज ती दाराशी आलेल्या रोहनला म्हणाली, "घर छान आहे. मी दमले. जाते."

"जा," रोहन म्हणाला. "खीर डब्यात देऊ का?"

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"ताई, खरंच विचारतोय."

"मग दे," आम्रपाली म्हणाली.