गेल्या सात दिवसांत एक तास

आमच्या रोजगार पाहणीच्या फॉर्ममधला पाचवा प्रश्न असा आहे: गेल्या सात दिवसांत तुम्ही किमान एक तास तरी काम केलं का? माणूस ‘हो’ म्हणाला की पुढे नऊ प्रश्न आणि सुटका. ‘नाही’ म्हणाला की एकतीस. काम शोधलं का, कुठे शोधलं, किती दिवस शोधलं, मिळालं तर लगेच जाल का, मिळत का नाही असं वाटतं. ज्या विद्वानाने हा फॉर्म तयार केला, त्याने जन्मात कुणाच्या दारात उभं राहून एकतीस प्रश्न विचारलेले नाहीत, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आम्हाला मेहनताना मिळतो तो फॉर्ममागे. नऊ विचारा नाहीतर एकतीस.

तेव्हा आम्ही गणना करणाऱ्यांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. माझी या कामात अकरा वर्षं गेली, आणि मी तर लोकांना तयारच करून ठेवलं होतं. एकेका घरी वर्षातून चार खेपा होतात. पहिल्या खेपेला दारातच सांगायचे, “मावशी, तुमचा मुलगा मित्राच्या दुकानात तासभर बसला होता ना? मग ‘हो’ म्हणा. तुमचाही वेळ वाचेल, माझाही.” चौथ्या खेपेपर्यंत विचारावंही लागत नसे. मी जिना चढताना दिसले की वरूनच आवाज यायचा, “ताई, हो!” मी तिथेच पायरीवर बसून फॉर्म भरायचे.

अशा पाट्या टाकून गोळा झालेल्या ‘हो’-‘नाही’वरून ऑफिसात बेकारीचा टक्का निघतो. तो काढतो आमचा दशांश साहेब. हे नाव आम्हीच ठेवलेलं. तीन पॉइंट सात की तीन पॉइंट आठ, यावर तो अर्धा दिवस घालवू शकतो. पॉइंटच्या अलीकडचा तीन कुठून येतो, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खुर्चीतून उठावं लागलं असतं, आणि उठणं त्याच्या जिवावर येतं. मग त्याचा तो टक्का छापून येतो, त्यावर मोठी माणसं चर्चा करतात, आणि आमच्यासारख्या भुरट्यांच्या कामाला ‘माहितीचा भक्कम आधार’ म्हणतात. मला त्या सगळ्यांची कीव यायची. मी त्यांच्यापेक्षा हुशार आहे असं मला वाटायचं.

या वर्षी बेअरिंगचा कारखाना बंद पडला. माझा दादा तिथे चोवीस वर्षं लेथवर होता. बंद पडल्यावरही तो रोज सहाला उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. वहिनी लोकांच्या पँटच्या चेन बदलून आणि कॉलरी उलटवून घर ओढत होती. दादा तिच्या मशिनकडे बघायचाही नाही. आपण तिच्या कमाईवर जगतोय हे कुणी म्हणू नये, म्हणून तो सगळ्यांच्या आधी स्वतःच गप्प बसला होता.

त्याच महिन्यात ऑफिसच्या टेबलावर मी एक परिपत्रक वाचलं. संगणकावर चालणाऱ्या नव्या मशिनचं सहा महिन्यांचं शिक्षण, आणि शेवटी नव्या कारखान्यात नोकरी नक्की. पण बॅच निघणार फक्त त्या भागात, जिथे आमच्या पाहणीत बेकारी दहा टक्क्यांच्या वर येईल. वयाची अट पन्नासच्या आत. दादाला पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे याच तिमाहीच्या आकड्यावर बॅच निघाली तर दादा पुन्हा मशिनवर उभा राहणार होता, नाहीतर उरलेलं आयुष्य खिडकीत.

आणि तो भाग माझ्याकडेच होता. चौसष्ट घरं, त्यांत दादाचंही. नियमाने नातेवाइकाचं घर दुसऱ्याला द्यावं लागतं, पण तो दुसरा फॉर्म कसे भरतो हे मला ठाऊक होतं, कारण त्याला मीच शिकवलं होतं. मी घर स्वतःकडे ठेवलं आणि ठरवलं की या खेपेला एकही प्रश्न गाळायचा नाही.

एक नियम मात्र मी पाळला. आकडा कशासाठी लागतो ते घरात सांगायचं नाही, लोक उत्तरं फिरवतात. अकरा वर्षांत मी बाकीचे सगळे नियम धाब्यावर बसवले आणि हा एकच नेमका पाळला. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं तर ही माणसं गल्लीभर बोंबलतील आणि सगळ्यावर पाणी पाडतील, असं मला वाटलं. त्यांच्या अकलेवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

पहिल्याच जिन्यावर वरून आवाज आला, “ताई, हो!”

“नाही, आज वर येते. नीट विचारायचंय.”

तिथला फिटर, कारखाना बंद पडल्यावर दादासारखाच घरी बसलेला, गोंधळून दारात आला. “आमचं काही चुकलं का?”

“काही नाही. गेल्या सात दिवसांत तुम्ही काम केलंत?”

“मी ‘हो’ म्हणतोय ना.”

“कुठे केलंत?”

त्याने बायकोकडे पाहिलं. “आता कुठे म्हणजे... ताई, तुम्हीच ठरवा ना. दर वेळी तुम्हीच ठरवता.”

चौसष्ट घरांपैकी जिथे जिथे कुणी घरी बसलेलं होतं, तिथे थोड्याफार फरकाने हेच झालं. लोक मला सोयीचं व्हावं म्हणून कामावर होते. एकेकाला त्या नसलेल्या कामावरून खाली उतरवताना माझा घसा बसला.

दादाकडे मी रविवारी गेले. वहिनी मशिनवर होती. मी फॉर्म उघडला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

“‘हो’ लिही,” दादा म्हणाला.

“काय केलंस?”

“हिच्या मशिनला तेल घातलं.”

“दादा, ते काम नाही.”

“मग ‘नाही’ लिही. तुला जे सोपं पडेल ते लिही. माझ्यामुळे तुझा खोळंबा नको.”

मी एकतीसही प्रश्न विचारले. काम का मिळत नाही असं वाटतं, या प्रश्नाला चार उत्तरं छापलेली आहेत: वय, शिक्षण, कामच उपलब्ध नाही, स्वतःची इच्छा नाही. दादाने चारही दोनदा वाचून घेतली. “वय लिही,” तो म्हणाला. मशिनचा आवाज थांबला होता. वहिनीने दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली. मला दादाला मिठी मारावीशी वाटली, पण मी पुढचा प्रश्न विचारला.

माझ्या भागाचा आकडा आला तेरा पॉइंट चार. दशांश साहेबाने मला बोलावून घेतलं.

“एकदम तेरा? मागच्या तिमाहीत तीन पॉइंट आठ होते.”

“सर, कारखाना बंद पडला.”

“तो आपल्या आकड्यांत अजून दिसलेला नाही.”

“आता दिसला ना.”

“आजूबाजूच्या कुठल्याच भागात दिसत नाही. तुमच्याच भागात कसा दिसतो?” मग तो म्हणाला की असा उडी मारलेला आकडा फोनवरून तपासावा लागतो, एकूण एक घर. मी म्हटलं, खुशाल तपासा. त्या दिवशी मी ऑफिसातून निघाले ती हवेत तरंगत. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी खरं लिहिलं होतं, आणि या ठोंब्याकडूनच त्यावर शिक्का बसणार होता.

चार दिवसांनी संध्याकाळी मी दादाकडे गेले. तो खुर्चीत नव्हता, दारातच उभा होता, आणि कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा खुललेला होता.

“तुझ्या ऑफिसातून फोन आला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “विचारत होते, बाई खरंच आल्या होत्या का, किती वेळ बसल्या, सगळं विचारलं का. मी लगेच ओळखलं, तुझी चौकशी चाललीय. मग म्हणाले, तुम्ही काम करता का?”

“आणि तू?”

“ठणकावून ‘हो’ म्हणालो! तू दर वेळी तेच लिहायचीस ना. या खेपेला दमलेली होतीस, काहीतरी उलटसुलट लिहून गेलीस, ते वर कुणाच्या तरी नजरेत आलं असणार. मी फोन ठेवला आणि आधी बाहेर पडलो. जिन्याजिन्यात जाऊन सांगितलं, फोन आला तर ‘हो’ म्हणा, आपल्या ताईवर बालंट यायला नको.”

“सगळ्यांनी ऐकलं हो यांचं,” वहिनी आतून म्हणाली. “कुणी मागे हटलं नाही.”

मी तशीच घरी आले.

सकाळी साहेबाच्या टेबलावर तपासणीचा कागद होता. तीन पॉइंट सहा. माझे ‘नाही’ रद्द झाले होते.

“सर, हे खोटं आहे,” मी म्हटलं. “माझा आकडा खरा होता. खोटे होते ते आधीचे. अकरा वर्षं मी लोकांना ‘हो’ म्हणायला शिकवलंय.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “असं लेखी देणार?”

“आत्ता देते.” आणि मी तिथेच उभ्याने लिहून दिलं.

त्याने कागद वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवला. “अकरा वर्षांचे आकडे छापून झालेत. मी हे घेतलं तर तुम्ही जाल, मी जाईन, आणि तुमच्या त्या कागदाने तेरा पॉइंट चार परत येणार नाहीत. समज दिली असं मी लिहितो. जा, काम करा.” तो घाबरला होता. इतका क्षुद्र माणूस मी पाहिला नव्हता, आणि तो म्हणत होता त्यातला एक शब्दही मला खोडता येत नव्हता.

त्या दुपारी मी दादाला सगळं सांगितलं. परिपत्रक, दहा टक्के, बॅच, पन्नासची अट. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“आधी का नाही सांगितलंस?” त्याने विचारलं.

“मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही घोळ घालाल.”

त्याने स्वतःचे पंजे उलटसुलट करून पाहिले. लेथच्या कामाने त्यांना पडलेले घट्टे आता मऊ व्हायला लागले होते.

“पुन्हा फोन येईल का?”

“नाही.”

“बरं.” मग त्याने मान वर करून विचारलं, “पण तुझी नोकरी राहिली ना?”

मला दशांश साहेबाची चीड आली नाही, फॉर्म करणाऱ्या विद्वानाची आली नाही. आली ती सगळी स्वतःची.

“राहिली,” मी म्हणाले.

“मग झालं,” दादा म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं.