मावशीशेजारी बसणाऱ्या

शिलाई कारखान्याचा सुपरवायझर चार महिने एका बाईवर नजर ठेवून होता. ती बटणं लावायच्या टेबलावर काम करी. सगळ्या तिला मावशी म्हणत. जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी तिच्याशेजारी डबा घेऊन जाई, दोघींची कुजबुज चाले, आणि महिन्या-दीड महिन्यात ती शेजारी बसणारी काम सोडून जाई. एक नाही, दोन नाही, पाच जणी गेल्या!

ही बाई कान भरते, याबद्दल त्याला शंका उरली नाही. तो खांबाआड उभा राहून ऐकू लागला की त्या गप्प होत. गप्प झाल्या म्हणजे पाणी मुरतंय, असं तो धरून चाले.

सहावी मावशीकडे बसू लागली त्या दिवशी त्याने मावशीला काढून टाकायचं पत्र लिहिलं. साक्षीदार म्हणून सही घ्यायला तो कटिंग मास्तरांकडे गेला. कारखान्यात तेच सगळ्यांत जुने.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "काय केलं तिने?"

"पाच बायका पळवल्या."

"पळवताना पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात? तिच्याशेजारी बसली की बाई गेलीच!"

"इस्त्रीवाली वर्षभर तिच्याबरोबर जेवते. ती कुठे गेली? आणि मावशीकडे कधीच न बसता गेल्या, अशा किती?"

सुपरवायझर अडखळला. "दोघी. पण त्यांचं वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे तुझ्या गोष्टीत बसत नाही, एवढंच ना? बरं, या सातही जणी कामाला कुठे होत्या?"

त्याने आठवून पाहिलं. "तिसऱ्या रांगेत. नवी टेबलं आली तिथे."

"अरे, ती टेबलं फार उंच आहेत, त्यांनी खांदे धरतात. मावशी काम सुटल्यावर खांदा चोळून देते. दुखतं त्या तिच्याकडे जातात, आणि फारच दुखतं त्या काम सोडतात. तुला सांगितलं तर तू घरी बसवशील, म्हणून तुला बघून गप्प होतात."

सुपरवायझर चिडला. "मला शिकवू नका, मास्तर! असली माणसं मी ओळखतो. बायकोसाठी नर्स ठेवली होती. ती घरात आली आणि बायको खालावत गेली. हाकलून दिली मी त्या नर्सला, पण उशीर झाला होता; दोन दिवसांत बायको गेली."

मास्तर हळूच म्हणाले, "नर्स बोलावलीस कधी?"

"बायकोला उठता येईना, तेव्हा."

हे शब्द त्याने स्वतःच्या तोंडून ऐकले आणि तो तिथल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. नर्स आली म्हणून बायको खालावली नव्हती. ती खालावत होती म्हणून नर्स आली होती! दीड वर्ष तो हे उलटं समजत होता. शेवटचे दोन दिवस तिची कूस बदलायला घरात जाणतं माणूस नव्हतं, तेही त्याच्याच संशयामुळे!

त्याने पत्र फाडलं. तिसऱ्या रांगेतल्या एका मशीनवर जाऊन तो शिवायला बसला. पंधरा मिनिटांत त्याचा उजवा खांदा भरून आला. दुसऱ्याच दिवशी त्याने सुतार बोलावला आणि टेबलांचे पाय चार बोटं कापून घेतले. मावशीची त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली.

पुढचे दोन महिने कुणीच काम सोडलं नाही. तो खुशीत मास्तरांकडे गेला. "बघा, टेबलं कापली आणि गळती थांबली!"

"त्यामुळेच थांबली कशावरून? त्यांना विचारलंस?"

तो जाऊन त्या सहावीला विचारू लागला. ती म्हणाली, "खांदा बरा आहे, साहेब. पण दिवा डोळ्यांवर येतो, त्याचं काय ते बघा की!" आजूबाजूच्या हसल्या. कुणी गप्प झालं नाही.

वाचकहो, दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असं होत नाही. कधी दुसरीमुळेच पहिली आलेली असते, कधी दोन्हींमागे तिसरंच काही असतं. माणसावर ठपका ठेवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन विचारा. संशय घ्यायचाच असेल, तर आधी स्वतःच्या खात्रीवर घ्या.