नडगी आणि मान

ओट्यावर त्या सकाळी एवढ्या वस्तू होत्या: साडेतीन लिटरचा एक स्लो कुकर, बोकडाच्या मांडीचं सहाशे ग्रॅम मटण, दोन कांदे, लसणाच्या नऊ पाकळ्या, अंगठ्याएवढं आलं, थोडी मिरी, धण्याची पूड, मीठ, एक थर्मामीटर, छोटा वजनकाटा आणि जेवायचा एक फोर्क. तिखट नव्हतं. बाबांच्या तोंडातली कातडी अजून कच्ची होती. तिखटाचा कण लागला तरी त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद होता. त्यावर तीन सोमवारांचे तीन आकडे होते: ४७.९, ४६.५, ४५.६. खाली लाल रेघ, आणि रेघेखाली ४५.

रेघेखालचा आकडा डॉक्टरांचा. बाबांच्या जिभेवरची गाठ काढली, तिच्याबरोबर जिभेचा डावा भाग गेला. मग दीड महिना किरणं दिली. आजार गेला असं डॉक्टर म्हणत होते, पण बाबा जेवायचे थांबले होते. दूध, पावडर आणि गाळलेलं सूप एवढ्यावर त्यांचं अंग उतरत चाललं होतं. “पंचेचाळीसच्या खाली गेले की पोटात ट्यूब घालणार,” डॉक्टर म्हणाले होते. “मग मी वाट बघणार नाही.” गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी लेकीला बाहेर गाठून उरलेलं सांगितलं होतं: या वयात एकदा ट्यूब बसली की गिळायची सवय मोडते, आणि मोडली की परत येईलच असं नाही.

बाबांनी डॉक्टरांसमोरच पाटीवर लिहिलं होतं, ‘तोंडाने खाईन.’ बोललेलं कुणाला कळत नसे म्हणून ते पाटी जवळ बाळगत. चाळीस वर्षं मटणाच्या दुकानात उभं राहून दिवसभर तोंडाचा पट्टा चालवलेला माणूस. आता त्याचं सगळं बोलणं एका पाटीत मावत होतं.

लेक चोवीस वर्षांची. सिमेंट-काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून ते किती भाराला फुटतात हे मोजायच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती. म्हणून त्या बाईंनी सांगितलेली परीक्षा तिला फार आवडली होती. घासाचा तुकडा दीड सेंटीमीटरहून मोठा नको. फोर्कवर अंगठा टेकवून दाबायचा, आणि अंगठ्याचं नख पांढरं पडायच्या आत तो चुरडला गेला पाहिजे. नख पांढरं पडलं की तुकडा नापास.

“दिवसभर सिमेंट फोडतेस आणि घरी येऊन मटण,” आत्या म्हणाली. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि लेक कामावर गेली की भावापाशी येऊन बसायची. “तुझ्या हाताला दोन्ही सारखंच लागत असेल.”

“आत्या, झाकण उघडायचं नाही.”

“मी काय चोर आहे?”

“एकदा उघडलं की वीस मिनिटं मागे जातं.”

“तुझी आई दिवसातून दहादा उघडायची. कधी काही मागे गेलं नाही.”

ते खरं होतं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. ती होती तेव्हा सकाळी पातेलं बारीक आचेवर चढायचं आणि बाबा दुपारी दुकान बंद करून येईपर्यंत उतरायचं नाही. त्या घरात मटण चावावं लागत नसे. तीच आठवण धरून लेकीने कुकर आणला होता. मंद आच, पुष्कळ वेळ, वर झाकण. यंत्राने आईचं काम करायला हरकत नव्हती.

मटण मात्र तिने आईसारखं आणलं नाही. बाबांनी दुकान ज्याला दिलं तो त्यांचा जुना भागीदार. सगळा बाजार त्याला वकील म्हणायचा, कारण पाव किलो मटण विकतानाही तो दोन्ही बाजू मांडायचा. लेकीने मांडीचा मऊ भाग मागितला तेव्हा त्याने सत्तूर खाली ठेवला.

“कशाला हवंय?”

“रस्सा. कुकरमध्ये. बाबांना.”

“मग नडगी घे. थोडी मान घे.”

“नको काका. जन्मभर त्यांनी दुकानात उरलेलंच खाल्लं. आता तरी चांगलं खाऊ देत.”

वकील काहीतरी बोलणार होता. पण ‘जन्मभर’ म्हणताना तिचा आवाज चिरकला, आणि त्याने सत्तूर पुन्हा उचलला. मांडीचा अगदी मधला, बिनहाडाचा भाग त्याने कापून दिला. वर “बघ बाई,” एवढंच म्हणाला.

पहिल्या दिवशी मटण सहा तास शिजलं. थर्मामीटरवर शहाऐंशी अंश. रस्सा छान झाला होता. तुकडा दाबला तर नख पांढरं पडलं आणि तुकड्याचे धागे सुटले. बाबांनी एक घास घेतला. तो उजव्या गालात घोळवत ते चार मिनिटं बसले, मग ठसका लागला, मग रुमाल. लेकीने वाटी पुन्हा काट्यावर ठेवली. एकशेवीस ग्रॅम वाढलं होतं, एकशेचार परत आलं.

तिने वेळ वाढवला. नऊ तासांनी धागे आणखी कोरडे झाले. मग आच वाढवून पाहिली, मग आदल्या दिवशी दह्यात मुरवून पाहिलं. वहीत तारखेसमोर तारीख आणि वजनासमोर वजन लिहीत गेली. पुढच्या सोमवारी फ्रीजवर ४५.३ चढलं, त्याच्या पुढच्या सोमवारी ४५.१.

“शंभर ग्रॅम राहिले,” ती म्हणाली.

“म्हणजे एक कांदा,” आत्या म्हणाली.

मंगळवारी लेक कामावरून आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात उभे होते. बऱ्याच दिवसांत ते तिथे आले नव्हते. त्यांनी कुकरचं झाकण स्वतः काढलं, एक तुकडा बशीत घेतला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला. सुतळी उसवावी तसे धागे निघाले. चुकीचा माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते पूर्वी जसे बघत तसेच त्यांनी लेकीकडे बघितलं. त्या नजरेत राग कधीच नसे, पण गिऱ्हाईक माल खाली ठेवायचं.

मग ते वाकले. एक हात ओट्यावर टेकवून, हळूहळू, कारण वाकलं की त्यांना चक्कर यायची. दोन बोटांच्या पेरांनी त्यांनी लेकीच्या नडगीवर टकटक केलं. उभे राहिले, दम घेतला आणि तळहात तिच्या मानेवर मागून ठेवला.

ती पाच-सहा वर्षांची असताना हा त्यांचा खेळ होता. दुकानातून आले की तिला उभं करायचे आणि बोट लावत विचारायचे, हे काय? खांद्याला फरा, बरगडीला चाप, मांडी, नडगी, मान. चुकली की, “या पोरीला कुणी अर्धा किलोसुद्धा देणार नाही.”

“नडगी आणि मान,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

“बाबा, ते तर उरलेलं असायचं.”

त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाटी ओढून त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘वकील’, आणि त्याखाली जोरात रेघ मारली.

दुकान बंद व्हायला पाऊण तास होता. वकील मटण तोडायचा ओंडका खरवडत होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही.

“उरलेलं कुणी सांगितलं तुला?”

“आई म्हणायची. दुकानात उरतं ते आपलं.”

“वहिनींना तुझ्या बाबांनी तसंच सांगून ठेवलं होतं.” त्याने हात पुसले. “माल सोलून टांगला की पहिलं काम काय, तर चार नडग्या वेगळ्या. त्या फडक्यात गुंडाळून त्या तिथे, वरच्या फळीवर. समोरचा खानावळवाला रोज मागायचा. दोनदा भांडण झालं, पण दिल्या नाहीत. मी म्हटलं, घरी सरळ सांगा की खास आणलंय. तर म्हणाले, खास म्हटलं तर ती म्हणेल, गिऱ्हाइकाला द्या, आपलं काय, भाजी खाऊ. उरलंय म्हटलं की मुकाट शिजवते.”



“मग तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“सांगितलं की. नडगी घे म्हटलं.” तो म्हणाला, “पण तू म्हणालीस, चांगलं खाऊ देत. आता काय बोलणार? तुमच्या घरातली माणसं एकमेकांसाठी बरं ते शोधायला लागली की तिसऱ्याने तोंड घालू नये.”

घरी येताना चालत चालत तिने स्वतःला बरंच सुनावलं. जो स्नायू जास्त चालतो, त्यात चिवट पापुद्रे जास्त असतात. सत्तर अंशांच्या वर काही तास राहिले की ते विरघळतात, आणि मांस आपल्याच चिकात मऊ होतं. मांडीच्या मध्यात विरघळायला फारसं काही नसतं. ती नुसती सुकते. हे तिला येत होतं. कॉलेजच्या परीक्षेत लिहून तिने पैकीच्या पैकी गुण घेतले होते. वहीत तिने वेळ बदलला होता, आच बदलली होती, दही घातलं होतं, काढलं होतं. मटण एकदाही बदललं नव्हतं, कारण मटणाच्या रकान्यात तिने ‘उत्तम’ असं लिहून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी सहाला कुकर लागला. नडगी आणि मान मिळून हाडासकट अकराशे ग्रॅम. कांदा आधी तव्यावर परतला, बाकी सगळं तसंच. आच कमी.

“आज झाकण उघडू का?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“मागच्या वेळी मी उघडलं नव्हतं.”

“तीनदा उघडलंस. वाफेचे थेंब फरशीवर होते.”

“अगं, पोलिसात का नाही गेलीस?” आत्या म्हणाली आणि भावाकडे बघून डोळे मिचकावले. बाबांच्या उजव्या गालाला सुरकुती पडली.

साडेचारला लेक परत आली तेव्हा बाबा हात धुऊन, बाह्या दुमडून टेबलाशी बसले होते. समोर परात होती. आत्या म्हणाली, “तासभर असेच बसलेत. मी म्हटलं, लग्न आहे का?”

मानेच्या हाडांची बारीक कपची मऊ मटणात लपून राहते, आणि बाबांच्या घशात ती गेली असती तर सगळंच संपलं असतं. लेकीला तीच धास्ती होती. बाबांनी तिला हात लावू दिला नाही. परातीत मटण आलं तसं ते डोळे मिटून, दोन बोटांनी एकेक तुकडा चाचपत गेले. नडगीचं हाड नुसतं उचललं तर मांस मागे राहिलं. मानेचे मणके एकामागून एक बशीच्या कडेला लागत गेले. तांदळाएवढी एक कपची सापडली तेव्हा त्यांनी ती बोटाच्या टोकावर घेऊन लेकीला दाखवली आणि बाजूला ठेवली. सगळी मिळून तेवीस हाडं झाली. त्यांनी ती पुन्हा मोजली. तेवीसच.

लेकीने फोर्क घेतला आणि अंगठा टेकवला. तुकडा चुरडला. नख गुलाबीच होतं. तिने आणखी तीन तुकडे दाबून पाहिले.

“आता यंत्र आणशील का?” आत्या म्हणाली. “वाढ त्याला.”

एकशेवीस ग्रॅम, वर दाट रस्सा. व्यायामाच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे बाबांनी हनुवटी छातीकडे घेतली, श्वास धरला, गिळलं. थांबले. लेक त्यांच्या कंठाकडे बघत होती. तो वर गेला आणि खाली आला. ठसका लागला नाही. दुसऱ्या घासाला त्यांनी डोळे मिटले. सातव्या घासानंतर त्यांनी चमचा ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. लेकीला वाटलं, झालं. आत्याने पदर तोंडाला लावला होता.

बाबांनी पाटी घेतली. ‘आईचं जास्त मऊ.’ मग चमचा पुन्हा उचलला.

पन्नास मिनिटं लागली. रिकामी होत आलेली वाटी काट्यावर ठेवली तेव्हा आत अठ्ठावीस ग्रॅम उरले होते. गुरुवारी बावीस, शुक्रवारी वीस. शनिवारी त्यांना ताप आला आणि चाळीस ग्रॅमसुद्धा गेलं नाही. रविवारी ताप उतरला, आणि त्यांनी दोनदा मागितलं. वकील एक दिवसाआड नडग्या घेऊन स्वतः येत होता, फडक्यात गुंडाळलेल्या.

सोमवारी लेकीने त्यांना मागच्या सगळ्या सोमवारचाच शर्ट घातला, खिसे रिकामे केले, आणि त्याच वेळी, सकाळी दहाला, दवाखान्यात नेलं. सिस्टरने कागद काढला. मागचा आकडा तिने वाचला आणि मोठ्याने म्हटला नाही.

“चपला काढा, काका.”

चपला काढून बाबा काट्यासमोर थांबले. त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला. लिहून झाल्यावर ती सिस्टरसमोर धरली.

‘हाडासकट?’

सिस्टरने लेकीकडे बघितलं. “काय म्हणतायत?”

“त्यांचं मटणाचं दुकान होतं,” लेक म्हणाली. “हाडासकट मोजायचं की बिनहाडाचं, असं विचारतायत.”

“हाडासकटच मोजते,” सिस्टर म्हणाली. “चढा.”

लेकीने पाटी आणि पेन्सिल आपल्याकडे घेतली. बाबा चढले, हात अंगाला लावून सरळ उभे राहिले. आकडा दोनदा हलला आणि थांबला.

पंचेचाळीस किलो चारशे ग्रॅम.