बांडीचं पुढं काय झालं

माझी धाकटी बहीण प्रांजली संभाजीनगरात मुकुंदवाडीला राहते आणि मेंढरांवर ब्लॉग लिहिते. मेंढरं आमची, पायपीट आमची, ऊन आमच्या डोक्यावर आणि नाव मात्र हिचं! असं चिडवलं की ती म्हणते, "दादा, तू नुसतं बोल, लिव्हायचं मी बघते." मग मी चालता चालता फोनवर बोलून पाठवतो आणि ती त्याचं काहीतरी छान करते. खोटं कशाला बोलू, ते वाचताना मला माझंच जगणं जरा बरं वाटतं.

पिकं निघाली की आम्ही पिशोरहून कळप घेऊन बाहेर पडतो. ज्याच्या मोकळ्या रानात मेंढरं मुक्कामाला बसतात त्याला लेंडीखत मिळतं. आम्हाला जागा, पाणी आणि थोडं धान्य. याला ना कागद ना सही. आमचे वडील कारभारी, म्हणजे आबा, "मेंढरं निरोगी हायेत" म्हणाले की शेतकरी बांध मोकळा करतो. आजवर एवढ्यावरच चाललं आहे.

प्रांजलीचं दुखणं वेगळंच होतं. वाचणारे येत, दोन ओळी वाचून पसार होत, आणि परत काही फिरकत नसत. ते तिला फार लागायचं. कुठल्याशा ऑनलाइन शिकवणीत तिला सांगितलं, गोष्ट ऐन मोक्यावर तोडायची, म्हणजे माणूस पुढचं वाचायला हटकून येतो. नेमकी तेव्हाच मी तिला बांडीची हकीकत पाठवली. बांडी म्हणजे आमच्या कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. कुणीतरी बांधावर टाकलेला कोबीचा पाला तिनं अधाशासारखा हाणला, पोट टम्म फुगलं, तोंडाला फेस आला. आबांनी गोडेतेलात हिंग घालून पाजलं, पोट चोळलं, आणि दुपारपर्यंत महाराणी पुन्हा चरायला लागल्या. गोष्ट एवढीच.

बाईसाहेबांनी त्यातून कोबी काढून टाकला. तेलही काढलं. उरलं ते असं: बांडी मटकन खाली बसली, तोंडातून फेस गळू लागला, आबा धावत आले, बाकीची मेंढरं तिच्याकडं बघत उभी राहिली. पुढं काय झालं ते सोमवारी!

वाचणारे तुटून पडले. फोनवर प्रांजलीचा आनंद नुसता ओसंडत होता. मीही म्हटलं, पोरीच्या मनासारखं झालं एकदाचं.

आम्ही देवगाव रंगारीच्या शिवारात पोचलो, तर बिभीषणनं बांधावरच हात आडवा केला. या माणसाच्या रानात आमची मेंढरं वर्षानुवर्षं बसत आली आहेत.

"कारभारीदादा, यंदा नाय जमायचं. घरी बैलं हायेत, गाय गाभण हाय."

"ती तर दरसाली आसतेत की," आबा म्हणाले.

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. गावाच्या ग्रुपवर प्रांजलीचं लिखाण फिरत होतं आणि वर कुणीतरी जोडलं होतं, पिशोरच्या मेंढरांत लाळ्या-खुरकूत आलाय, जनावरं सांभाळा. तोंडाला फेस आणणारा, खुरांत फोड उठवणारा हा रोग मेंढरांकडून गाईबैलांनाही लागतो.

आबांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवलं. ते कळप वळवून पुढच्या रानाकडं निघाले. तिथंही नकार, त्याच्या पुढंही नकार. शेवटी मेंढरं रस्त्याच्या कडेला कोंडाळं करून उभी राहिली, कोकरं पाण्यासाठी ओरडायला लागली. मला असा संताप आला की मी प्रांजलीला फोनवर नको नको ते बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती येऊन धडकली. निघण्याआधी तिनं कोबी, तेल, सगळं खरं लिहून टाकलं होतं. पण फेसाची बातमी गावोगाव गेली, बरं झाल्याची कुणी पुढं पाठवली नाही.

"दादा, मला वाटलं वाचणारे लांबचे, पुण्या-मुंबईचे आसतील," ती रडत म्हणाली. "ज्यांच्या दारात बैल हाय तेबी वाचतेत, हे डोक्यातच आलं नाय रे."

तिला आणखी चार शब्द सुनवायचे मी ठरवून ठेवले होते. ते तिथंच राहिले.

दुपारी एक बाई पदर सावरत झपाझपा येताना दिसली. बिभीषणची बायको, राजाबाई.

"बांडी कुठंय?" आल्या आल्या तिनं विचारलं.

बांडी बाभळीखाली शेंगा वेचत होती. राजाबाईनं तिचं तोंड उघडून पाहिलं, खूर उचलून पाहिले. मग प्रांजलीकडं वळली.

"लिव्हणारी तूच व्हय? मी तुझं समदं वाचते, माय. फेसाचं वाचल्यापून घास गोड लागला नाय मला. आज म्हणतीस बरी हाय. आता कोणतं खरं धरू? म्हणून बघाया आले."

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं तर खरंच. लई जीव टांगणीला लावला तू."

राजाबाईनं बांडीच्या गळ्यात हात टाकून माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि स्वतःच्या आवाजात ग्रुपवर ठणकावून सांगितलं, "मी राजाबाई बोलतीय. मेंढी निरोगी हाय, म्या सवता बघितली. आज ही मेंढरं आमच्या रानात बसणार." नवऱ्याला तिनं विचारलं की नाही, देव जाणे.

ऊन कलताना कळप रानात शिरला. बिभीषण पाण्याची कळशी घेऊन आला, पण त्याला आबांकडं बघवेना.

"दादा, माफी करा. तुमच्या शब्दावर इस्वास ठिवाया पायजे व्हता मी."

प्रांजली माझ्याबरोबर मेंढरांभोवती जाळी लावत होती. तिला ऐकू जाईल की नाही याचा आबांनी विचारही केला नाही. ते अगदी सरळ मनानं म्हणाले,

"नाय रं. माझ्या लेकीनं लिव्हलं व्हतं ते. तिच्या शब्दावर तू इस्वास ठिवलास, त्यात तुझं काय चुकलं?"

आबांनी तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रांजलीच्या हातातली जाळी सुटली आणि ती तिथंच, मेंढरांत बसून हमसून हमसून रडली.