तीजाबाईंच्या टाक्यावरची झडप

मित्रांनो, माझ्याकडे बघायला कोण थांबतं? पाणी हवं असलं की मला उचलायचं, पाणी काढायचं, धाडकन आपटायचं आणि चालू लागायचं. तरी आज जरा थांबा. मी एक जुनी सागवानी झडप आहे, म्हणजे पाण्याच्या टाक्याचं झाकणच म्हणा. प्रकाशा गावात तापीकाठच्या देवळांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुभाषचंदशेठचं दुकान आहे. किराणा, नारळ, उदबत्त्या सगळं मिळतं. दुकानामागे घर, घरामागे अंगण आणि अंगणात जमिनीत बांधलेलं ते टाकं.

मला घडवलं मोलगीकडच्या रायसिंग मिस्तरींनी. मोठा चिकट माणूस! रंधा मारायचे, टाक्यावर बसवून बघायचे, परत उचलून रंधा मारायचे. बिजागऱ्या ठोकल्यावर त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शेठाणी, आते मुंगीबी मधमा जाणार नही." त्या दिवशी मी कसली फुगले होते! दिवाळीला मला तेल मिळायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, झडप असावी तर अशी.

हे घर राजस्थानातून आलेलं, जैन. त्यांच्याकडे पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. शेठाणी तीजाबाई पहाटे उठून दुहेरी गळण्यातून पाणी गाळतात आणि मग ते गळणं उलटं करून, हलक्या हाताने, परत टाक्यात विसळतात. पाण्यात जीव असतील तर ते चिरडू नयेत, वाळू नयेत, जिथून आले तिथे सुखरूप जावेत. याला त्या जिवाणी म्हणतात. मला ही रीत फार आवडायची. माझ्या वेळी गळण्यात यायचं तरी काय? एखादा धुळीचा कण.

मग घरात मोटर आली. पाइप टाक्याच्या तोंडातून आत सोडला आणि मी काही केल्या बसेना. नळवाले भिलाभाऊ म्हणाले, "तात्पुरती काढी ठेवतस. मंग खाच पाडी देसू." तात्पुरती! मित्रांनो, या शब्दावर कधी विश्वास ठेवू नका. माझ्या बिजागऱ्या उखडल्या, टाक्यावर एक पत्रा आडवा टाकला आणि मी भिंतीला टेकले. दोन उन्हाळे माझ्यावर पापड वाळले. मग त्याचंही कुणाला सुचेना. नारळाची रिकामी पोती माझ्यावर पडत गेली. टाकं समोरच होतं, पण जवळ जायला मला पाय कुठले? इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पोत्यांच्या फटीतून मला मात्र सगळं दिसायचं. पायांवर पांढरे पट्टे असलेले काळे डास भर दिवसा पत्र्याखालच्या फटीतून आत शिरायचे आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी चिकटवून निघून जायचे. पुढे पाण्यात अळ्या वळवळायच्या. त्या गळण्यात यायच्या. तीजाबाई त्यांना जपून परत सोडायच्या. मी ओरडणार कशी? मला तोंडच नाही.

शेठची मुलगी रिद्धी कॉलेजात जाते. मागच्या वर्षी तिला डेंगू झाला. अंग फार दुखलं, पण घरच्या घरीच बरी झाली. यंदा श्रावणात आरोग्यसेविका सुषमाताई तपासणीला आल्या. त्या चिंचपाड्याकडच्या, स्वभावाने शांत. टाक्यात बॅटरी मारून त्यांनी बाटलीतलं औषध काढलं, तशा तीजाबाई आडव्या आल्या.

"बाई, दवाई नको. आम्ही जीव मारतस नही. आनि मन्ही पोरले डेंगू व्हई गया. आते परत कसा व्हई?"

"काकू, डेंगू एक नाही, चार प्रकारचा आहे," सुषमाताई म्हणाल्या. "एक होऊन गेला की अंग त्याला ओळखतं, बाकीच्यांना नाही. वेगळा प्रकार आला तर तो पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो. रिद्धीला त्याचाच धोका आहे."

"पन तो आठे येई कोठून?"

"माणसाबरोबर. डास काही फार लांब उडत नाही. माणूस रक्तातून आणतो, एसटीने, जीपने. अंगातून डासात, डासातून अंगात. या फिरण्यात तो थोडा थोडा बदलतही जातो. श्रावणात तुमच्या दारावरून कुठकुठची माणसं जातात, बघा ना. निदान टाकं रिकामं करून घासा आणि घट्ट झाका."

"पत्रा शे ना," तीजाबाई म्हणाल्या. चातुर्मास होता. पाणी गाळण्याचा नेम त्यांनी आणखी कडक केला.

भादव्यात रिद्धी तापाने फणफणली. ताप उतरला तसं सगळ्यांना हायसं वाटलं आणि तिथेच घात झाला. पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं. गाडी बोलावून तिला नंदुरबारला दवाखान्यात नेलं. जाताना कुणी मागे वळून पाहिलं नाही. दुकान बंद, घराला कुलूप. अंगणात मी, टाकं आणि डास. रिद्धी परत येईल का, हे मी कुणाला विचारणार होते?

एका सकाळी तीजाबाई एकट्याच कपडे न्यायला आल्या. चेहरा पार उतरलेला. सवयीने पाणी काढून गाळायला बसल्या. गळण्यात अळ्या वळवळल्या. सवयीने गळणं उलटं केलं आणि हात तसाच थांबला. गाडी आलेली बघून चौकशीला सुषमाताई मागच्या दाराने आत आल्या, तेव्हाही तो थांबलेलाच होता.

"सुषमाबाई, मी यासले रोज मन्हा हातवरी परत सोडं वं," तीजाबाई म्हणाल्या आणि जमिनीवरच बसून हुंदके देऊ लागल्या.

सुषमाताईंनी त्यांच्या हातातलं गळणं अलगद काढून घेतलं. "आता जे आहेत त्यांचं मी बघते, तुम्ही आत जा. पुढचे इथे जन्मूच देऊ नका. टाकं घट्ट झाकलं तर कुणाला मारायची वेळच येणार नाही."

सुषमाताईंनी टाकं उपसून घासून घेतलं, तोवर तीजाबाई तोंड फिरवून बसून राहिल्या. मग पदराने डोळे पुसून उठल्या आणि एकेक पोतं उपसू लागल्या. माझ्यावरची धूळ त्यांनी हाताने पुसली. त्या हाताला मी किती दिवस मुकले होते! दुपारी भिलाभाऊ करवत घेऊन आले, खाली मान घालून. खाच पाडताना दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पाइप खाचेत बसला, उरलेल्या फटीत फडकं घट्ट कोंबलं आणि मी माझ्या जागी आले.

रिद्धी वाचली. काडीसारखी होऊन आली. अजून जिना चढताना मध्येच बसते.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं झाकण तुमच्याकडेही कुठे भिंतीला टेकून असेल. त्याला उचला, घासा, त्याच्या जागी लावा. आम्हाला कौतुक नको.

माझ्याशी आताही कुणी बोलत नाही. खाली काळोख, वर ऊन. तीजाबाई रोज पहाटे येतात, पाणी गाळतात. गळणं कोरं निघतं. तरी त्या ते उलटं करतात, हलक्या हाताने विसळतात, मला लावतात आणि माझ्या कडेवरून बोट फिरवून बघतात.